कोणत्या मोबाईलला स्मार्टफोन म्हणायचं?

शाळेच्या सर्वेक्षणात दरवर्षी एक रकाना असतो : "घरी स्मार्टफोन आहे का? हो / नाही". हा रकाना भरताना पालक थांबतात. कुणी म्हणतं, "सर, टचवाला आहे." कुणी म्हणतं, "बटनाचा आहे, पण त्यात यूट्यूब चालतं." कुणी म्हणतं, "आहे, पण मुलीचं ॲप त्यात उतरत नाही." तिघांचंही म्हणणं खरं असतं, तरी रकान्यात काय लिहायचं ते कळत नाही. भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या बाजारात तर डब्यावर 'स्मार्ट' हा शब्द कशावरही छापलेला दिसतो.

आज हा प्रश्न फक्त शब्दाचा राहिलेला नाही. हजचा अर्ज, पिकाची नोंद, कापसाची विक्री, शाळेचा अभ्यास, बँकेचा व्यवहार, या सगळ्यांची वाट मोबाईलमधून जाते. मेहनतीचे सहा-आठ हजार रुपये चुकीच्या डब्यावर गेले तर ते परत मिळत नाहीत. म्हणून स्मार्टफोन म्हणजे नेमकं काय आणि तो घेताना काय पाहायचं, ते एकदा नीट समजून घेऊ.

एका वाक्यात व्याख्या

ज्या मोबाईलमध्ये संगणकासारखी कार्यप्रणाली असते आणि जिच्यावर दुसऱ्या लोकांनी बनवलेली नवीन ॲप आपल्याला हवी तेव्हा टाकता, काढता आणि अद्ययावत करता येतात, तो स्मार्टफोन.

या वाक्यात किंमत नाही, टच स्क्रीन नाही, कॅमेराही नाही. मुख्य गोष्ट 'नवीन ॲप टाकता येणं' ही आहे. साध्या फोनला कंपनीने कारखान्यात जेवढी कामं शिकवली तेवढीच तो आयुष्यभर करतो : बोलणं, मेसेज, बॅटरी, रेडिओ, एखादा खेळ. स्मार्टफोन मात्र विकत घेतल्यानंतरही नवीन कामं शिकतो. आज त्यात रमजानचं वेळापत्रक टाका, उद्या शब्दकोश टाका, परवा बँकेचं ॲप टाका. थोडक्यात, तो खिशात मावणारा संगणक आहे आणि त्यावरून बोलताही येतं.

टच म्हणजे स्मार्ट नव्हे

सर्वात मोठा गैरसमज टचचा आहे. २००९ साली आलेला सॅमसंग कॉर्बी अनेकांना आठवत असेल. रंगीत, टचचा, तरुणांचा लाडका. पण त्यात कंपनीची स्वतःची बंद प्रणाली होती, म्हणून तो स्मार्टफोन नव्हता. त्या काळात दोन सिमचे आणि मोठ्या आवाजाचे 'चायना मोबाईल' गल्लोगल्ली विकले जात, त्यांतही टच असायचा. तेही स्मार्ट नव्हते.

उलट बाजूही पाहा. नोकियाचा ई-६३ आणि ब्लॅकबेरीचे बरेच फोन बटनांचे होते. तरी ते स्मार्टफोनच, कारण त्यांत स्वतंत्र कार्यप्रणाली होती आणि बाहेरची ॲप टाकता येत.

दुसरा गैरसमज इंटरनेटचा. फोर-जी आहे म्हणून फोन स्मार्ट होत नाही. फोर-जी हा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून सायकलही जाते आणि ट्रकही. जुलै २०२३ मध्ये आलेला ९९९ रुपयांचा जिओ भारत फोन फोर-जी आहे, त्यातून यूपीआयने पैसेही पाठवता येतात. पण आपल्या मर्जीचं ॲप त्यात टाकता येत नाही. तो चांगला साधा फोन आहे, स्मार्टफोन नाही.

थोडा इतिहास

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच्या एक वर्ष आधी, १९९४ मध्ये, अमेरिकेत आयबीएमचा 'सायमन' नावाचा फोन विक्रीला आला होता. त्यात टच स्क्रीन, ईमेल, दिनदर्शिका होती. आज त्यालाच पहिला स्मार्टफोन मानतात, पण तेव्हा त्याला हे नाव नव्हतं.

'स्मार्टफोन' या नावाने विकला गेलेला पहिला फोन एरिक्सनचा आर-३८०, साल २०००. गंमत अशी की त्यात वापरणाऱ्याला स्वतःची ॲप टाकता येत नव्हती. म्हणजे आपल्या व्याख्येत तो अर्धाच बसतो. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनचंही तसंच. बाहेरची ॲप टाकण्याची सोय त्यात सुरुवातीला नव्हती. जुलै २००८ मध्ये ॲपलने सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलं आणि खरा बदल तिथून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला ॲन्ड्रॉइड फोन अमेरिकेत विकायला आला. ॲन्ड्रॉइड प्रणाली गुगलने अनेक कंपन्यांना वापरायला दिली, म्हणून स्वस्त फोन बनू लागले आणि ते आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचले.

इतिहासातून एवढंच लक्षात ठेवा की 'स्मार्ट' हा शब्द पहिल्यापासून विकणाऱ्यांचा आहे. वापरणाऱ्याने स्वतःची कसोटी ठेवावी.

डब्यावर लिहिलेलं कसं वाचायचं?

घरातल्या स्वयंपाकाची कल्पना करा, सगळं सोपं होईल.

*प्रोसेसर* म्हणजे स्वयंपाक करणारा हात. हात चपळ असेल तर काम लवकर उरकतं.

*रॅम* म्हणजे ओटा. एका वेळी ओट्यावर जेवढं मावेल तेवढंच काम चालू राहतं. ओटा लहान असेल तर भाजी चिरायची तर आधी पीठ उचलावं लागतं. रॅम कमी असलेला फोन एक ॲप उघडताना दुसरं बंद करतो, अडकतो, गरम होतो.

*स्टोरेज* म्हणजे धान्याची कोठी. फोटो, व्हिडिओ, ॲप सगळं तिथे. पण कोठीतली बरीच जागा कार्यप्रणालीने आधीच व्यापलेली असते. '३२ जीबी' लिहिलेल्या फोनमध्ये पूर्ण ३२ जीबी आपल्या हाती कधीच येत नाही.

*कार्यप्रणाली* म्हणजे घरची कारभारीण. कुणाला किती जागा, कुणाला कोणती वस्तू द्यायची, हे ती ठरवते. ॲन्ड्रॉइड आणि आयओएस या आजच्या दोन मुख्य कार्यप्रणाली.

इथे एक सावधगिरी. डब्यावर '४ + ४ जीबी रॅम' असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा खऱ्या रॅमचा नसतो. कोठीतलाच एक कोपरा ओटा म्हणून वापरायला दिलेला असतो, आणि तिथे काम हळू चालतं. विचारायचं ते एवढंच : "भाऊ, खरी रॅम किती?"

याशिवाय फोनमध्ये *सेन्सर* असतात. जागा ओळखणारं जीपीएस, फोन आडवा-उभा झाल्याचं ओळखणारा सेन्सर, दिशा दाखवणारं होकायंत्र. स्वस्त फोनमध्ये नेमका हा होकायंत्राचा सेन्सर बऱ्याचदा नसतो. किब्ला दाखवणारं ॲप मग भलतीकडे बाण दाखवतं किंवा बाण हलतच नाही, आणि माणूस म्हणतो ॲप खराब आहे. ॲप बरोबर असतं, फोनमध्ये दिशा ओळखणारा सेन्सरच नसतो. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेकडून किंचित उत्तरेला, सुमारे २७८ अंशांवर आहे. बाण त्याच्या बराच बाजूला गेला तर मशिदीच्या रुखावर भरवसा ठेवा, फोनवर नाही.

भाषेची कसोटी

आपल्या घरांत तीन लिप्या चालतात : मराठी-हिंदीची देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी. बटनाच्या फोनवर अक्षरं बटनावर छापलेली असतात, ती बदलत नाहीत. स्मार्टफोनचा कळफलक हे एक ॲपच असतं. म्हणून एकाच फोनवर अम्मी उर्दूत, मुलगा मराठीत आणि मुलगी इंग्रजीत लिहू शकते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तेही तो सांभाळतो. आयफोनवर उर्दूसाठी नस्तालीक वळण २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत आलं. लोकांच्या हातातल्या जुन्या फोनवरच ते दिसू लागलं, त्यासाठी नवीन फोन घ्यावा लागला नाही. वस्तू तीच, पण तिला नवीन काम आलं. स्मार्टफोन कशाला म्हणतात ते या एका उदाहरणात दिसतं.

जिओफोन : ना इकडचा ना तिकडचा

२०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर जिओफोन आला. बटनांचा, पण फोर-जी. त्यात कायओएस नावाची कार्यप्रणाली होती, छोटंसं ॲप स्टोअरही होतं. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं. अशा फोनला 'स्मार्ट फीचर फोन' म्हणतात. खान्देशातल्या कितीतरी घरांत इंटरनेट पहिल्यांदा याच फोनवरून आलं, हे विसरता येणार नाही.

पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्याची मर्यादा उघडी पडली. झूमसारखं ऑनलाईन वर्गाचं ॲप त्यावर मिळत नव्हतं. सर्वेक्षणात "फोन आहे, नेट आहे, व्हॉट्सॲप आहे" अशी नोंद व्हायची आणि मूल मात्र वर्गाबाहेर. पुढे जून २०२४ पासून कायओएसवर नव्याने व्हॉट्सॲप घेणं बंद झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला ज्यांच्याकडे ते होतं त्यांचंही बंद पडलं. फोन तोच, बॅटरी ठीक, बटनं ठीक. पण ॲप बनवणाऱ्यांनी साथ सोडली आणि फोन पुन्हा साधा झाला.

अंगणवाडी ताईंचे फोन

या विषयातलं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१९ मध्ये पोषण अभियानासाठी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारी मोबाईल मिळाले. ॲन्ड्रॉइड, टच, कॅमेरा, सगळं होतं. कोणत्याही व्याख्येने ते स्मार्टफोनच. रॅम मात्र फक्त २ जीबी.

२०२१ मध्ये केंद्राचं नवीन 'पोषण ट्रॅकर' ॲप आलं. बालकांचं वजन, उंची, आहार, गरोदर मातांची नोंद, सगळं त्यात भरायचं. ते ॲप या फोनना पेलवेना. फोन गरम होत, मध्येच अडकत, भरलेली माहिती जात असे. वॉरंटी संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येऊ लागला. त्यात ॲपमध्ये इंग्रजीचा भरणा, आणि मराठीत काम करणाऱ्या ताईंना ते अवघड. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी 'मोबाईल वापसी' आंदोलन केलं आणि हजारो फोन सरकारी कार्यालयांत नेऊन परत दिले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवीन मोबाईल ही त्यांची एक मागणी होतीच.

नीट पाहिलं तर या ताईंनी स्मार्टफोनची व्याख्याच सरकारला शिकवली. फोन स्मार्ट आहे की नाही हे डबा सांगत नाही, काम सांगतं. जे काम करायचं आहे ते ॲप आपल्या भाषेत, न अडकता चालत असेल तरच तो फोन आपल्यासाठी स्मार्ट.

स्मार्टपणालाही वय असतं

साधा फोन पडेपर्यंत चालतो. स्मार्टफोनचं तसं नाही. कार्यप्रणालीची नवीन आवृत्ती येत राहते आणि कंपनी काही वर्षंच जुन्या फोनला अपडेट देते. अपडेट बंद झाले की दोन गोष्टी घडतात. एक, बँकेची, सरकारची, व्हॉट्सॲपची ॲप हळूहळू त्या फोनवर चालेनाशी होतात. दोन, सुरक्षेतली भोकं बुजवली जात नाहीत, मग चोराला वाट मिळते.

म्हणून जुना फोन विकत घेताना नुसती काच आणि कॅमेरा पाहू नका. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात जा. ॲन्ड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि सुरक्षा अपडेटची तारीख कोणती, हे तिथे लिहिलेलं असतं. ती तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर फोन कितीही चकचकीत असो, त्याचं स्मार्टपण संपत आलं आहे असं समजा.

कोणत्या कामाला कोणता फोन?

प्रत्येक कामाला स्मार्टफोन लागतोच असं नाही. हे कळलं तर पैसे वाचतात.

*ओटीपीसाठी* साधा फोनही पुरतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी संकेतस्थळावर होते आणि ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. स्मार्टफोन शेजारणीचा चालेल, पण नंबर चालू असला पाहिजे. बऱ्याच भगिनींचं काम फोनमुळे अडत नाही, बंद पडलेल्या सिममुळे अडतं.

*शेतीसाठी* स्मार्टफोन लागतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो, म्हणून कॅमेरा आणि जीपीएस दोन्ही हवेत. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, त्यामुळे भाऊबंदांत एक चांगला फोन पुरतो. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागासाठी ही मोठी गोष्ट आहे.

*हज आणि उमराहसाठी* स्मार्टफोन आता जवळजवळ सामानाचाच भाग झाला आहे. अल्पसंख्याक मंत्रालयाचं 'हज सुविधा' ॲप २०२४ मध्ये आलं. मदिनेत रियाजुल जन्नामध्ये नमाजची वेळ सौदीच्या 'नुसुक' ॲपवरून घ्यावी लागते. घरातले बुजुर्ग निघणार असतील तर आदल्या दिवशी नवीन फोन हातात देऊ नका. दोन-तीन महिने आधी द्या, ॲप टाकून द्या, रोज वापरू द्या.

*नमाजच्या वेळांसाठी* ॲप वापरत असाल तर एक गोष्ट पाहा. असरची वेळ हनफी आणि शाफई पद्धतीने वेगळी निघते. ॲपमध्ये तसा पर्याय असतो. कोकणातल्या नातेवाईकाने पाठवलेली सेटिंग आपल्या मशिदीशी जुळेलच असं नाही.

जी सोय, तोच धोका

नवीन ॲप टाकता येणं हीच स्मार्टफोनची ताकद आहे, आणि चोर शिरतो तोही याच दारातून. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलन' किंवा 'पीएम किसान' नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. दाबलं आणि परवानगी दिली की ते आपले मेसेज वाचू लागतं, ओटीपी चोरतं, खातं रिकामं होतं. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका, कारण त्यांचाच फोन चोरांच्या हातात गेलेला असू शकतो. लग्नाची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. तिला 'इन्स्टॉल' करावं लागत नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' पोर्टलवर तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबा, जो आकडा येईल तो आजच घरातल्या वहीत लिहून ठेवा.

घेताना ही यादी सोबत न्या

१. मला कोणती तीन कामं करायची आहेत? ती ॲप या फोनवर चालतात का, दुकानातच विचारा.
२. खरी रॅम किती? २ जीबीच्या फोनने अंगणवाडीत काय झालं ते आठवा. जमेल तर ४ जीबीच्या खाली जाऊ नका.
३. स्टोरेज किती? शक्यतो ६४ जीबी किंवा जास्त.
४. ॲन्ड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि अपडेट किती वर्षं मिळणार?
५. होकायंत्र हवं असेल तर तो सेन्सर आहे का?
६. जुना फोन असेल तर पावती घ्या. 'केवायएम' लिहून, जागा सोडून आयएमईआय क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोनची माहिती येते. चोरीचा माल निघाला तर मनस्ताप तुम्हालाच.

आणि शेवटचा प्रश्न : फोन कुणाच्या हातात?

'असर' या संस्थेने १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींवर केलेल्या २०२३ च्या अहवालात एक आकडा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. घरात फोन आहे, पण तो भावाच्या खिशात आहे, असा त्याचा अर्थ.

प्रत्येक मुलीला स्वतंत्र फोन द्याच, असं नाही म्हणत. वयाप्रमाणे आणि घराच्या शिस्तीप्रमाणे आई-वडिलांनी ठरवावं. पण संध्याकाळी एक तास तो फोन ओट्याजवळ, सगळ्यांसमोर, तिच्या अभ्यासासाठी ठेवता येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, बालभारतीचं पुस्तक, एखादा न समजलेला धडा, एवढ्यासाठी तो तास पुरतो. शाळेच्या सर्वेक्षणात 'हो' या रकान्यावर खूण करताना, तो 'हो' मुलीसाठीही आहे का, एवढं घरात एकदा विचारून घ्या.